आई आहे तोवर हे घर

या घराची खरेदीखतात लिहिलेली किंमत अर्धीच आहे. उरलेली अशी: माझा उजवा खांदा, ज्यामुळे हात आता कानाच्या वर जात नाही; एक जमलेलं लग्न, जे मी कामाच्या नादात मोडू दिलं; आणि चर्चमधल्या बाकावर आईच्या शेजारची जागा. रविवारीसुद्धा मी लोकांच्या छपरांवर असे. त्या जागेवर ती कुणाला बसू देत नसे, पिशवी ठेवी.

मी, चर्चच्या दिवंगत पाळकांचा धाकटा मुलगा, वय त्रेसष्ट, धंदा छपरांची कंत्राटं, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. उद्या सकाळी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. डोकं उघडणार नाहीत, ते ठिकाणावर आहे. तसा दाखला जोडला आहे. एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी: मी एकदा कागदावर उतरवलेलं खोडत नाही. गिऱ्हाइकं गयावया करून दमली, पण माझ्या आकड्यावर कधी काट पडली नाही.

घाईचं कारण असं. मला बायकोमुलं नाहीत. असाच गेलो तर घर आई आणि थोरला भाऊ यांच्यात वाटलं जाईल, असं वकीलबाई सांगतात. थोरला वडिलांसारखाच पाळक. गेल्या आठवड्यात तो आईजवळ बसला, डोळे मिटून प्रार्थना केली आणि आमेनच्या पाठोपाठ कागद काढला. "आई, धाकट्याचं काही सांगता येत नाही. वृद्धाश्रमात चांगली खोली मिळतेय. इथे सही तेवढी कर." मी आत झोपलोय असा त्याचा समज. आई म्हणाली, "चष्मा सापडत नाहीये रे." चष्मा तिच्या शालीखाली होता. दर वेळी तो शालीखाली असेलच असं नाही.

कलम एक. शिड्या, अवजारं आणि टेम्पो माझ्या मुकादमाला. तोंडावर तो मला शेठ म्हणतो. मागून काय म्हणतो तेही मला नीट ऐकू येतं, तरीही त्यालाच. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून त्याची सही खाली नाही. त्याने रुसू नये.

कलम दोन. बँकेतली शिल्लक आईच्या औषधपाण्याला आणि सोबतीच्या बाईच्या पगाराला. व्यवहार वकीलबाई पाहतील.

कलम तीन. घर. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण उद्या कुणी विचारेल की अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला अख्खं घर कशाला.

आई अठराव्या वर्षी पाळकाची बायको झाली आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या घरात राहिली. बदली झाली की पेट्या बांधायच्या. भिंतीत खिळा ठोकायचा तर चर्चच्या कमिटीची परवानगी, आणि कमिटीला जमायला सवड नाही. वडील दारात येईल त्याला जेवायला बसवत. भांड्यात काय उरलंय ते तिलाच ठाऊक. आम्हा दोघांमधली बहीण तापाने गेली, त्याच्या पुढच्या रविवारी आई ऑर्गनवर बसली, कारण दुसऱ्या कुणाला वाजवता येत नव्हता. रोज संध्याकाळी गुडघे टेकून ती सगळ्या मंडळीसाठी मोठ्याने प्रार्थना करी: कुणाचा नवरा पितो, कुणाचं छप्पर गळतं. पडद्याआड माझे कान टवकारलेले. दुसऱ्या दिवशी मी शिडी घेऊन त्या दारात हजर. धंदा असा उभा राहिला. पुढे हे मी तिला फुशारकीने सांगितलं, तर म्हणाली, "देव बहिरा आहे का? मी मोठ्यानं कुणासाठी बोलत होते, असं वाटतं तुला?"

वडील गेले आणि पाळकांचं घर थोरल्याला मिळालं. त्याला अभ्यासाला खोली कमी पडू लागली, म्हणून आईला म्हणाला, "थोडे दिवस आश्रमात राहा." मी तिला पत्र्यांच्या थप्पीशेजारी टेम्पोत बसवून इथे आणलं. पहिल्याच दिवशी हातोडी घेऊन माझ्यापुढे उभी. "एक खिळा ठोकू का रे?" मी म्हटलं, "भिंत पाड."

म्हणून: आई शेवटच्या श्वासापर्यंत इथेच राहील. तोवर घर विकता येणार नाही, गहाण पडणार नाही, तिची सही घेतली तरीही. तिच्यामागे इथे अशा पाळकबाईंनी राहावं, ज्यांचा नवरा गेला आणि घरही गेलं. खिळ्यांबद्दल त्यांना कुणी विचारू नये.

कलम चार. आई हयात आहे तोवर थोरल्याने या घराचा उंबरा ओलांडू नये.

इथवर लिहून साक्षीदारांसमोर आईला वाचून दाखवलं. चौथं कलम ऐकून ती म्हणाली, "पेन घे."

"कशाला?"

"ते काढ. नाहीतर तू उद्या दवाखान्यात जा, मी आश्रमात जाते."

"आई, त्याने तुला एकदा बाहेर काढलंय."

"मला काढलं ना? मग माफ करायचं की नाही ते मी बघीन. तिसऱ्या कलमात तू कुलूप घातलंयस, आता आणखी दार कशाला चिणतोस?"

"तो पुन्हा कागद घेऊन येईल."

"येऊ दे. चहा देईन." साक्षीदार बाई खिडकीकडे बघत बसल्या. "तो फाटकापाशी उभा आहे," आई म्हणाली.

"तुला कसं कळलं? तुला तर लांबचं ऐकू येत नाही."

"मला नाही येत. तू मघापासून तिकडे कान लावून बसलायस." तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता. "एक लेक जमिनीत आहे. उद्या तुझं काही बरंवाईट झालं, तर उरलेला एक फाटकाबाहेर. मग दार उघडायचं कुणासाठी, सांग."

मी पेन घेतलं.

हे सर्व मी वाचले, समजलो आणि साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

साक्षीदार: १. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही). २. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही).
स्थळ: याच घराची पुढची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा, सहीखाली घातला आहे.
खाडाखोड: एक. कलम चार, पूर्ण. बाजूला माझी सही.