झडपेला विचारलं तेव्हा

सोमवार, ४ तारीख
पुन्हा नाही उडालं! सकाळपासून गच्चीत खुर्ची टाकून बसले, मान अवघडली. रॉकेट उडणार, उपग्रह वर जाणार म्हणून सगळा शेजार गोळा — आणि कर्ण्यावरून पुकारलं, इंधनाच्या नळीत बिघाड आहे, घरी जा. एवढी शिकलेली माणसं, एक नळी धड ठेवता येत नाही!

मंगळवार, ५
थांबवलं कोणी? तिथं कामाला असलेल्या आमच्याच नातीनं!
उडवायच्या आधी तिथं एकेकाला विचारतात — वारा? विजेच्या तारा? इंधन? ज्यानं त्यानं आपापलं "तयार" म्हणायचं. एक जरी "नाही" म्हणाला तरी सगळं ठप्प. हिच्याकडे इंधनाच्या नळीवरची झडप. दाबाचा काटा जरासा थरथरला म्हणे. ही म्हणाली, "नाही."
सूनबाई कपाळाला हात लावून — "सगळे हो म्हणाले, तुलाच काय झालं गं?"
"सगळे हो म्हणणारच असतील तर विचारायचं कशाला?" मी म्हटलं. मान दुखायची थांबली.

गुरुवार, ७
झडप खोलली. आत काही बिघाड नाही. लख्ख!
समोरचा शिंपी दारातून ओरडला, "आजी, नातीनं रॉकेटला ब्रेक लावला!" म्हटलं, "तू स्कूटरला लावला असतास तर दात शाबूत राहिले असते."

शुक्रवार, ८
पोरगी जेवत नाही. "आजी, साहेबांना सांगितलंय, पुढच्या वेळी माझ्या जागी दुसरा बसवा."
"भ्यालीस?"
"हो म्हणायची भीती वाटते. नाही म्हणायची पण."
मी काही कुरवाळत बसले नाही. ताट पुढे सरकवलं. तर घास तोंडात आणि म्हणते, "खोलली तेव्हा झडप उबेत होती. इंधन बर्फाहून गार असतं. गार करून बघायला पाहिजे." उठली तशीच, उष्ट्या हातानं, आणि साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. भीती वाटते म्हणे! असली भीती तिच्या बापाला वाटली असती तर घराचं सोनं झालं असतं.

रविवार, १०
गार केली. गळली! आतल्या रबराच्या कड्याला केसाएवढी चीर — गारठ्यात उघडते, उबेत मिटते. नवी झडप बसवली. उद्या उडवणार.
साहेबांचा फोन आला. "आजी, तिला द्या जरा. उद्या तिच्या जागी कोणाला बसवू, विचारायचंय."
झोपलीय. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. उठवली नाही.
म्हटलं, "झडपेचं विचाराल तेव्हा तीच बोलेल. हो म्हणो, नाही म्हणो. दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही!"