टाळ्या माझ्या आहेत

तीर्थस्वरूप लॉइडदादास,

तुझ्या धाकट्या चुलतभावाचा, ड्यूरवुडचा, नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्याउभ्याच केलाय असं समज.) तुझी साखर आणि इमोजीनवहिनींची कंबर कशी आहे? इकडे सगळं झकास. रविवारच्या प्रवचनात तू ‘सैतानाची तबकडी उराशी धरून बसलेला एक म्हातारा’ असं म्हणालास, ते पोचलं. आपल्या गोतावळ्यात तसला म्हातारा मी एकटाच, तेव्हा सरळ नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं.

सत्तावन्न साली मेम्फिसला जाऊन तू ते गाणं गायलास, त्याच्या तीनशे रेकॉर्डी निघाल्या, आणि पुढच्याच उन्हाळ्यात नदीत बाप्तिस्मा घेऊन तुला उपरती झाली. इथवर माझी तक्रार नाही. पण गेली पंचेचाळीस वर्षं तू अख्खं आर्कान्सा पालथं घालून स्वतःचीच रेकॉर्ड विकत घेतोस आणि चर्चच्या मागे हातोड्याने फोडतोस, त्याचं काय झालं ठाऊक आहे? तेव्हा जी कोणी फुकट नेईना, ती तुझ्यामुळे दुर्मिळ झाली! मे महिन्यात हेलेना गावी एका वारलेल्या ज्यूकबॉक्सवाल्याचं सामान विकायला काढलं होतं, त्यातल्या एका खोक्यात ती माझ्या हाती लागली, तर मागे उभा असलेला एक जर्मन (थेट जर्मनीहून आलेला, मोज्यांवर सँडल घातलेला) रडकुंडीला आला. त्याच्या मते तू थोर कलावंत आहेस. मी म्हटलं, ‘अरे बाबा, तो पाद्री आहे. आता आवाज चढवतो तो फक्त माझ्यावर.’ त्यावर तो म्हणाला, ‘आणि त्या टाळ्या कोणाच्या?’

दादा, आजवर हे कोणीही विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाही.

तर आता नीट ऐक. गाणं तुझं, पश्चात्तापही तुझा, हवा तेवढा कर. टाळ्या माझ्या आहेत. ड्रमवाला ढोसून कुठेतरी पडला म्हणून तू मला, सोळा वर्षांच्या पोराला, टाळ्यांनी ताल धरायला स्टुलावर बसवलंस. चौदा वेळा गाणं झालं. तळहात असे सुजले की रात्री चमचा धरवेना, काकूने भरवलं. त्या टाळ्यांचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही, आणि तू हातोडा घालतोस तो त्यांच्यावरही पडतो. वहिनींबरोबर मक्याचा पाव पाठवलास, तो खाल्ला. (मीठ कमी होतं.) रेकॉर्ड दिली नाही. चर्चचे पंच पाठव, नाहीतर स्वतः ये. देणार नाही म्हणजे नाही!

तुझा हट्टी,
ड्यूरवुड

ता. क. : माझं वाजवायचं यंत्र केव्हाच मोडलंय. रेकॉर्ड आणली खरी, पण अजून ऐकलेली नाही. तुझ्या चर्चमध्ये एक चालू यंत्र आहे म्हणे. रविवारी लोक पांगले की येतो. दारं लावून घे, आणि हातोडा वहिनींकडे दे.

आणखी एक : वहिनी आल्या तेव्हा माझा डावा हात खिशात होता. मीच उजव्याने उचलून घातला होता. गेल्या महिन्यात झटका आला, तेव्हापासून तो हलत नाही. म्हणजे माझ्या टाळ्या आता त्या रेकॉर्डवर आहेत तेवढ्याच. तुला गाणं ऐकवत नसेल तर खुशाल कानांत बोटं घाल, पण माझ्या शेजारी बस.