जाळीतला झेंडू

गुरुवार, संध्याकाळ

साडूची आणि माझी गाडी एकाच मॉडेलची, टर्बो पेट्रोल. आज कसारा घाट मागेपुढे चढलो, तापली फक्त माझी. बॉनेट उघडलं तर भट्टीसारखी झळ. बायको लगेच म्हणाली, "दाजींची कशी नाही तापत?"

सातपूरच्या गॅरेजात टर्बोच्या पाइपाला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळून घेतली ती मी. साडूने काय केलंय? काहीच नाही.

त्याने माझ्या गाडीच्या समोरच्या जाळीत बोटं घातली आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या मूठभर बाहेर काढल्या. "हवा आत जायला जागाच नाही रे." हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

दसऱ्याला त्याच्यापेक्षा मोठा हार हवा म्हणून मी जाळीभर झेंडू बांधला होता, आठवडाभर मिरवलाही. त्याने तो तेव्हाच पाहिला होता. तेव्हाही हसला नव्हता.