सुरय, चोचीसकट

मंगळवार, १८ मार्च

पहाटे पाचला उठलो. चहा घेऊन तलावावर गेलो. दोनशे बारा फोटो काढले. त्यांत पक्षी असलेले एकोणीस. पूर्ण पक्षी असलेला एकही नाही. साडेनऊला घरी आलो. जेवण झाल्यावर दुकानात जाऊन लेन्स परत केली. आता चार वाजले आहेत. मेहुण्याला पत्र लिहायला बसतो.

चिरंजीव मेहुणेबुवा यांस,

आशीर्वाद. (तू पन्नाशी ओलांडलीस तरी माझ्याकडून तुला हेच मिळणार.) तुझा गुडघा कसा आहे? तुझी बायको कशी आहे? हा क्रम मी लावलेला नाही, मागच्या फोनवर तू याच क्रमाने माहिती दिली होतीस. चष्म्याचं दुकान बरं चाललं असेलच, कारण लोकांचे डोळे बिघडायचे थांबले आहेत असं अजून कुठे वाचनात आलं नाही. माझी तब्येत ठीक. उजवा खांदा सोडून. खांद्याची हकिकत पुढे येईल. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू त्याचं उत्तर देऊन मोकळा होतोस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, ही कागदाची मोठीच सोय आहे.

तुझी ताई गेल्याला परवा आठ महिने झाले. तिचं कपाट मी इतके दिवस उघडलं नव्हतं. मागच्या महिन्यात उघडलं. त्यात कॅमेरा होता आणि पक्ष्यांची ती पातळ वही होती. वहीत तिने कुठला पक्षी कुठे, कधी दिसला आणि फोटो कसा आला ते एका ओळीत लिहिलेलं आहे. शेवटच्या लिहिलेल्या पानावर एवढंच आहे: "सुरय, चोचीसकट. राहिला." तुला सुरय म्हणजे काय ते माहीत नसणार (तुझं पक्षिज्ञान कावळ्यापासून सुरू होऊन कबुतरापाशी संपतं), म्हणून सांगतो. पांढरा, सडपातळ, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा पक्षी. पाण्यावर फिरत राहतो, मध्येच हवेत थबकतो आणि थेट खाली सूर मारतो. आमच्या तलावावर दरवर्षी येतो आणि मार्चअखेरीस निघून जातो. तुझ्या ताईने अकरा वर्षं त्याचा उडतानाचा फोटो काढायचा प्रयत्न केला आणि अकरा वर्षं तिच्याकडे शेपटीच आली. तिला 'शेपटीबाई' हे नाव तू ठेवलंस. मी ते सगळ्या नातेवाइकांत पोचवलं. ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला उठायची.

तर मी ठरवलं की पक्षी जायच्या आत हा एक फोटो आपण काढायचा. हातात जेमतेम महिना होता. मी तिच्याबरोबर अकरा वर्षं ट्रायपॉड वाहिलेला माणूस, त्यामुळे निम्मं काम मला येतंच असा माझा समज होता. कॅमेरा होता, पण त्यावर लांबचं दिसणारी लेन्स नव्हती. ती आणायला दुकानात गेलो.

दुकानदार अतिशय सभ्य. त्याने पहिला प्रश्न विचारला, पक्षी बसलेला हवा की उडणारा? मी म्हणालो, उडणारा. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वय विचारलं. मग काचेमागून एक लेन्स दोन्ही हातांनी उचलून आणली. सहाशे मिलिमीटरची. लांबून पाहिलं तर शाळेतली दुर्बीण, जवळून पाहिलं तर पाण्याचा बंब. तुला ठाऊक आहे, वजनमापे निरीक्षक म्हणून मी एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावरही खिशातला ताणकाटा काही सुटलेला नाही. मी तो काढला, लेन्सचा पट्टा हुकाला अडकवला आणि काटा स्थिर व्हायची वाट पाहू लागलो. दुकानदाराचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, लेन्स आहे ती. बटाटे नाहीत!" असं तो म्हणाला तेव्हा दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. तीन किलो एकशे साठ ग्रॅम भरली. माहितीपत्रकात तीन किलो चाळीस लिहिलं होतं. मी फरक दाखवला. त्याने पुढचं झाकण, पट्टा असं काय काय काढून दाखवलं आणि वजन जुळवून दिलं, पण त्यानंतर तो माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागला.

ती एक दिवसाच्या भाड्याने नेली. मेहुणेबुवा, सहाशेच्या लेन्समधून आकाश बघणं म्हणजे सरबताच्या नळीतून आकाश बघणं. डोळ्यांनी सुरय स्वच्छ दिसतो, कॅमेरा डोळ्याला लावला की नाहीसा. मी डावीकडे शोधतोय तर तो उजवीकडे, मी उजवीकडे जातोय तर तो माशासकट घरी गेलेला. त्यात मी लेन्स ट्रायपॉडवर पक्की आवळून बसलो होतो. (स्थिर वस्तूवर माझा फार विश्वास.) पक्षी डोक्यावर आला तेव्हा ट्रायपॉडखाली वाकता वाकता मी बसकण मारली. मग हातात धरून पाहिली. सकाळभरात ढगांचे एकशे चाळीस फोटो आले, सगळे अत्यंत स्पष्ट. खांद्याची हकिकत ती हीच.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. शंभर ते चारशे असं कमीजास्त करता येणारी हलकी लेन्स मागितली. म्हणजे आधी शंभरवर पक्षी शोधायचा आणि मग त्याला जवळ ओढायचं. हलत्या वस्तूवर तिचा फोकस किती चटकन बसतो हे घ्यायच्या आधीच तपासावं म्हणून मी दुकानातल्या छताच्या पंख्यावर नेम धरला आणि पंखा पाचवर करायला सांगितला. पंखा पाचवर गेल्याबरोबर काउंटरवरची सगळी कागदपत्रं उडाली. उडत्या कागदांचे चार फोटो मात्र सुरेख आले. दुकानदाराला दाखवले. त्याला ते आवडले नाहीत.

घरी सराव केला. आमच्या वर दंतवैद्य राहतात, ते मनाने उदार आहेत (दात काढताना नव्हे, एरवी). त्यांनी गच्चीवरून कागदाची विमानं सोडायची आणि मी खालून टिपायची असं ठरलं. तासाभरात माझ्याकडे दंतवैद्यांच्या मनगटाचे सत्तावीस फोटो जमले. ते म्हणाले, घड्याळ तरी छान आलंय. पण तलावावर गेल्यावर लेन्सने पक्षी सोडून मागचं पाणगवत धरायचं ठरवलं. गवताचं पातं न् पातं मोजून घ्यावं असं, आणि पुढे एक पांढरा डाग. लेन्सला जवळचं आणि लांबचं यांत फरक कळत नाही असं मी दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, फोकसचा ठिपका पक्ष्यावर तुम्हालाच ठेवावा लागतो, ते लेन्सचं काम नाही. हे वाक्य त्याने तिसऱ्यांदा सांगितलं होतं. तुझ्यासारखा माणूस असता तर म्हणाला असता, काका, नंबर तपासून घ्या. (तुझ्या मते मनुष्यप्राण्याच्या सगळ्या अडचणी नंबर बदलला की सुटतात.)

तिसरी चारशेची. एकच लांबी, जुनी, सडपातळ, सव्वा किलोची. हात हलला तर सांभाळून घ्यायची सोयही तिच्यात नाही. दुकानदार म्हणाला, उडत्या पक्ष्याला ती सोय लागतच नाही, शटरचा वेग भरपूर ठेवा आणि पक्ष्याबरोबर फिरत राहा. या वेळी त्याने मला पंख्याकडे पाहू दिलं नाही. ही लेन्स मला पटली. हातात नीट बसते, फोकस झटकन पकडते. तरीही फोटोत शेपटीच. सुरयाचं मागचं टोक मी आता कुठेही ओळखेन. चोचीची ओळख नाही.

मग मला आठवलं की तुझी ताई एकटीने फोटो काढत नव्हती. तिची नजर सतत कॅमेऱ्यात असायची. पक्षी कुठून येतोय ते मी बाजूला उभा राहून सांगायचो. घड्याळाच्या तबकडीसारखं, समोरचं पंपघर म्हणजे बारा, डावीकडचा बांध नऊ, उजवीकडचा तीन. मी म्हणायचो, "दोनवर, खाली, आत्ता!" आणि ती वळून बटण दाबायची. म्हणजे मला हाक देणारा माणूस हवा होता. रविवारी दंतवैद्यांना घेऊन गेलो. पंपघर, बांध, सगळं नीट समजावलं. ते उत्साहाने उभे राहिले. पक्षी आला की "आत्ता!" म्हणायचे, मी वळायचो, दाबायचो आणि शेपटी यायची. आठ वेळा असं झालं. शेवटी मी चिडलो. (मी चिडल्याचं तुला आश्चर्य वाटेल, दंतवैद्यांनाही वाटलं.) मी म्हणालो, "अहो, जरा आधी सांगा ना! तुम्ही म्हणेपर्यंत तो गेलेला असतो."

ते म्हणाले, "आधी कसं सांगू? नक्की कुठे येतोय ते कळायला नको?"

मेहुणेबुवा, हे उत्तर माझं आहे. शब्दन् शब्द माझं. पहिल्या का दुसऱ्या वर्षी कधीतरी तुझ्या ताईने मला विचारलं होतं, तुम्ही जरा आधी सांगाल का हो? मी तिला सांगितलं होतं की काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा बोलायचा नाही, ही माझी नोकरीतली शिस्त आहे, नक्की झाल्याशिवाय मी सांगत नसतो. ती बरं म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. आणि मी अकरा वर्षं पक्षी नक्की होईपर्यंत थांबून, अगदी अचूक, "आत्ता" म्हणत राहिलो. सुरयाला थांबायची सवय नाही. सगळ्या शेपट्या माझ्या आहेत. तिचा हात बरोबर होता.

रविवारी घरी आल्यावर तिचे जुने फोटो काढून बसलो. शेपट्यांचे. प्रत्येक शेपटी स्वच्छ, फोकस चोख, पिसाची कड न् कड दिसते. अशा हाताला अर्धा सेकंद आधी सांगितलं असतं तर चोच कधीच मिळाली असती. दंतवैद्यांना मी यातलं काही सांगितलं नाही. आज त्यांना दवाखाना होता म्हणून एकटा गेलो. एकाच माणसाने बघायचं, सांगायचं आणि दाबायचं हे होत नाही. करून पाहिलं. दोनशे बारा फोटो, पूर्ण पक्षी एकही नाही.

असो. पत्र लांबलं. तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग आणि गुडघ्याला जपायला सांग, म्हणजे तुझ्या. इकडे बाकी सगळं ठीक.

तुझा,
दाजी

ता. क. कोणती लेन्स घेतली, असं तू विचारशील. कुठलीच घेतली नाही. तिन्ही परत केल्या. दुकानदाराने निरोप देताना दार स्वतः उघडून धरलं.

ता. क. २. तुझ्या दुकानाच्या दर्शनी कपाटात, सोनेरी काड्यांच्या चष्म्यांमध्ये, तू जी लांब लेन्स शोभेला उभी करून ठेवली आहेस, ती तुझ्या ताईची, चारशेचीच आहे. मी दुकानात हातात घेतलेली तिसरी तशीच होती म्हणून ओळखली. मीच तुला दिली होती हे मला पक्कं आठवतंय. ती गेली त्या दिवसांत बाहेर टेबलावर पडलेली ही लेन्स मला डोळ्यांसमोर नको होती आणि तू नको नको म्हणत असताना मी तुझ्या पिशवीत कोंबली. दिलेली वस्तू परत मागू नये हे मला कळतं. तरी मागतो. गिऱ्हाइकं तिचा नंबर विचारतात असं तू कौतुकाने सांगितलं होतंस, त्यांना काहीतरी दुसरं दाखव.

ता. क. ३. पार्सलने पाठवू नकोस. घेऊन ये. पक्षी आणखी दहा-बारा दिवस आहेत. फोटो मी काढीन, हाक तू द्यायची. तुझी ताई सांगायची, लहानपणी क्रिकेटमध्ये चेंडू टाकायच्या आत तू आउट म्हणून ओरडायचास आणि त्यावरून मार खायचास. या कामाला तसाच माणूस लागतो. पक्षी येईल असं तुला नुसतं वाटलं की ओरड. दहातल्या नऊ वेळा चुकलास तरी चालेल, मी काही बोलणार नाही. बांधावर बसायला सपाट दगड आहे, गुडघ्याची सबब सांगू नकोस.

ता. क. ४. शेपटीबाई हे नाव तू ठेवलं होतंस, तेव्हा ते मागे घेणंही तुझ्याकडेच आलं. कोणाकोणाला कळवायचं त्यांची यादी मी केली आहे, बावीस जण आहेत. कारण विचारलं तर माझं नाव सांग.

पाकिटावर तिकीट लावलं. बुटांना तलावाचा चिखल वाळून बसला आहे, तो आता दारात बसून ब्रशने काढतो.