सेलची सरळ रेघ

२ जून
नवीन इलेक्ट्रोलाइट तयार. पाण्यात झिंकचं मीठ, वर माझ्या खास रसायनाचे थेंब. आजवर चार्जिंग करताना झिंकला काटे फुटायचे. ते मधल्या कागदातून आरपार गेले की सेल खलास. आता फुटणार नाहीत. सेल हजार तास चालला की पेपर, पेपर छापून आला की नोकरी पर्मनंट. आजपासून चिडचिड बंद.

३ जून
बायकोला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आहे, अगदी मनासारखी. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. म्हणाली, तू येणार की मी नाही म्हणून टाकू, एकदाच काय ते सांग. म्हटलं, हजार तास होऊ देत. भडकली.

९ जून
स्क्रीनवर सेलच्या व्होल्टेजची रेघ उड्या मारतेय. घरी रोज तोच विषय, डोकं उठलंय. उद्यापासून वाद घालायचा नाही. नुसतं हं म्हणायचं.

१० जून
वाद घातला.

२१ जून, सकाळी
चमत्कार! रेघ खाली आली आणि सरळ झाली. लॅबमधल्या शेजारच्या टेबलावरच्या बाई, आमच्या शंकासुर, म्हणाल्या की इतकी गुणी रेघ बरी नव्हे. काटा आरपार गेला असेल, करंट त्याच्यावरून नुसता ये-जा करत असेल, उघडून बघा. जळतात, दुसरं काय! उघडला तर हजार तास कसे भरणार?

२५ जून
घरीही शांतता. बायको नोकरीचं नावच काढत नाही. माझं हं लागू पडलेलं दिसतंय.

१ जुलै
महिनाअखेर उलटली, तरी एका शब्दाने विचारलं नाही. समजूतदार आहे. हजार तास भरले की मीच सांगणार, चल, जाऊ. सरप्राइज!

१४ जुलै
हजार तास भरले. सरांनी सगळ्यांसमोर सेल उघडायला लावला. कागदाच्या मधोमध काटा. शंकासुरांनी जुने आकडे काढून सांगितलं, हा एकवीस तारखेलाच मेलाय. म्हणजे इतके दिवस मी मेलेल्या सेलचे फोटो नातेवाइकांना पाठवत होतो.

घरी येऊन बायकोला म्हटलं, चल, तुझ्या नोकरीच्या गावी जाऊ. म्हणाली, त्यांना नाही म्हणून कळवलं. कधी? झाले बरेच दिवस. मला का नाही बोललीस, विचारलं. बोलत होते की, म्हणाली. म्हटलं, मग भांड ना, आत्ता भांड, वाट्टेल ते बोल. घाबरलो होतो मी. ती म्हणाली, गार होतंय, जेवून घे.

जेवलो.