मामाचं भांडण

दादा,

हे पत्र मी टाकणार नाही, कारण तुला यातलं काही कळवायचं नाही असं बाबांनी बजावलंय.

काल जेवताना आम्ही ती घरगुती विनोदी मालिका बघत होतो. त्यातला मामा भाचीकडून निघताना दर वेळी काहीतरी खुसपट काढतो. काल चहात साखर कमी म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं आणि बॅग उचलून तरातरा निघून गेला. माझी हसून हसून पुरेवाट झाली.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "मुद्दाम भांडतो तो. भांडून गेलं की मागे कुणी रडत बसत नाही. आपल्या साहेबांनी नाही का, परदेशी जाताना शर्टाच्या इस्त्रीवरून तमाशा केला?"

माझा घास हातातच राहिला. एवढी वर्षं तुझं नाव निघालं की बाबा उठून जायचे, आणि मी तो राग समजत होते.

"कळत होतं, तर त्याच्याशी बोलत का नाही?"

"गोड बोललो तर सगळं सोडून परत येईल तो. मी चिडलोय असंच वाटू दे त्याला."

ज्या माणसाला आपण दगड म्हणायचो, तो तुला आरपार वाचून गप्प बसला होता!

तेवढ्यात मालिकेतला मामा विसरलेली छत्री न्यायला परत आला. बाबा खुदकन हसले. "छत्रीही मुद्दामच विसरला असणार!"

जाताना तू विसरलेलं, दारामागचं तुझं जुनं जाकीट बाबा कुणाला देऊ का देत नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

तुझी,
शेपूट