हात वर होईपर्यंत

दादा,

तुमची नात ड्रम वाजवते. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगायचं मी इतके दिवस टाळत होतो. आम्ही न्यूझीलंडमध्ये राहतो, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात. मी इथे एका कारखान्यात इंजिनिअर आहे. शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मुलामुलींचं एक पथक सराव करतं, त्याला ड्रम कोअर म्हणतात. आपल्या बँडचंच भावंड समजा; पुढे ट्रम्पेट आणि बिगुल, मागे ड्रमच ड्रम, फक्त सगळे पावलं मोजत चालतात आणि कोणाच्या तोंडात पान नसतं. रेडिओवरची चालू गाणी घेतात आणि आपल्या पद्धतीने बसवतात. पोरीच्या गळ्यात साइड ड्रम, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, असं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं. वाटलं, आता तुम्ही मागून याल आणि तिच्या हातातल्या काड्या काढून घ्याल.

माझ्या हातातून काढून घेतलंच होतंत ना. मी चौथीत असेन. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही चुलीशेजारी भिंतीला टेकून पिठाच्या डब्यावर बोटं वाजवताय. नव्या सिनेमाचं गाणं हॉटेलातल्या रेडिओवर ऐकून आलायत आणि रात्रीच्या वरातीसाठी ते बसवायचंय. कागदावरचे स्वर तुम्हाला वाचता येत नाहीत. ट्रम्पेट तोंडाने, क्लॅरिनेट तोंडाने, मध्येच आईला विचारता की इथे ढोल थांबवला तर कसं वाटेल, आणि आई म्हणते, भाकरी करपतेय. मी उलथनं घेऊन परातीवर ठेका धरतो. तो बरोबर बसतो. तुम्हालाही कळतं की बसला, कारण तुमची बोटं थांबतात. मग तुम्ही उलथनं माझ्या हातातून काढून घेता आणि अगदी हळू म्हणता, "या घरात वाजवणारा एक पुरे." दुसऱ्या दिवशी मला नवी कंपासपेटी आणून दिलीत. मला तिचा राग आला होता. लग्नात घसा आणि छाती फुटेस्तोवर वाजवल्यावर तुमच्या बँडची पंगत मांडवाबाहेर वेगळी का बसायची, हे कळायला मला फार वर्षं लागली.

तरी वरातीमागे मी यायचोच. खडकीच्या बाजाराचा कोपरा येईपर्यंत तुम्ही मला न पाहिल्यासारखं करायचात. कोपऱ्यावर बँड थांबायचा आणि गाण्याचा मुखडा सुरू व्हायचा. नवरदेवाचे मित्र नाचून दमेपर्यंत तोच मुखडा पुन्हा पुन्हा, आणि दर खेपेला तुम्ही त्यात काहीतरी नवीन घालायचात. कितीदा वाजवायचा हे कुणीच ठरवलेलं नसायचं. सगळ्यांचे डोळे तुमच्या डाव्या हाताकडे. तो वर झाला की गाणं अंतऱ्यावर जायचं आणि वरात पुढे सरकायची. खाली येताना तोच हात मला घरचा रस्ता दाखवायचा. जा, अभ्यासाला बस. मी जायचो.

यंदा पथकात ठरलं की प्रत्येकाने घरातलं आवडतं गाणं आणायचं. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं. तिने गाडीत मला विचारलं, आजोबांच्या बँडचं तुझं फेव्हरेट कुठलं? मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर बोटं वाजवत, तोंडाने ट्रम्पेट काढत, तुमचा मुखडा तिला सगळा ऐकवला. कुठला ते तुम्हाला कळलं असेलच. पथक शिकवणाऱ्या बाईंना तो फार आवडला. त्यांनी विचारलं, किती वेळा वाजवायचा? मी म्हटलं, लोक दमेपर्यंत. त्या हसल्या, म्हणाल्या, मग पुढे तूच चाल आणि खूण कर. मग अंतऱ्याचं विचारलं. तुम्ही तो कसा बसवला होतात, मला ठाऊकच नव्हतं. मी तोवर घरी पोचलेला असायचो. शेवटी बाईंनी स्वतःच एक छानसा अंतरा रचला.

नाताळच्या परेडला मी पथकाच्या पुढे होतो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, अंगावर उसना लाल कोट. एका चौकात डेअरी लागली, म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आणि माझे पाय आपोआप थांबले. चौक आला की बँड थांबतो, एवढंच त्यांना माहीत. परेडमध्ये कोणी थांबत नाही, दादा. मागे ट्रक अडकले, त्यातल्या एकावर सांताक्लॉज. पथक जागच्या जागी मुखडा वाजवत राहिलं. डेअरीसमोर दोन म्हाताऱ्या बायका नाचायला लागल्या, मग त्यांची नातवंडं. पथकाकडे पाठ करून उभा राहिलो तर तुम्हीच वाजवताय असं वाटत होतं, आणि मला तुमची इतकी आठवण आली की समोरचं दिसेना. किती वेळ गेला कोण जाणे. मागून पोरीचा दमलेला आवाज आला, "बाबा, युअर हँड. प्लीज."

मी हात वर केला. बाईंचा अंतरा सुरू झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, ट्रक हलले. मीही चाललो. घरी येताना ती मनगटं चोळत होती. तिने विचारलं, विसरलास का? मी हो म्हटलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुम्हालाच खरं सांगतो. विसरलो नव्हतो. मला घरी जायचं नव्हतं.